बेंजोच्या माथी खापर

बेंजो हे वाद्य नव्हे, बटणांचं खोकं आहे, हे मत ऐकायला कळंबोलीत फार लांब जावं लागत नाही. भाद्रपदाच्या तोंडावर रोडपालीकडून एखाद्या मंडळाची आगमनाची मिरवणूक निघाली, की सिडकोच्या सेक्टरांतल्या खिडक्या धडाधड बंद होतात आणि बंद खिडकीमागे हे मत जोरात मांडलं जातं. मांडणारा माणूस बहुधा गाण्याचा शौकीन असतो. पनवेलच्या फडके नाट्यगृहात नाट्यसंगीताचा कार्यक्रम असला की हटकून जाणारा. त्याचं म्हणणं असं: सतारवादक तारेवर बोट घासून सूर मिळवतो, व्हायोलिनवाल्याला तर पडद्याचाही आधार नसतो, ही खरी साधना. बेंजोवाला काय करतो? बटण दाबतो आणि सूर आपोआप येतो. ज्याला सूर शोधावाच लागत नाही तो वादक कसला? मग बोलण्याच्या ओघात आणखी दोन आरोप येतात. वाद्य आपलं नाही, बाहेरून आलेलं आहे. आणि आगरी-कोळ्यांची जुनी लग्नगाणी त्याने गिळली.

मला हे तिन्ही आरोप अमान्य आहेत. त्यातला पहिला सर्वांत सभ्य दिसतो, म्हणून तोच सर्वांत जास्त फसवा आहे.

गोंगाटाचं आधी निकालात काढू, नाहीतर प्रत्येक वाक्याला कुणीतरी मिरवणुकीतले भोंगे आणून उभे करील. कानठळ्या बसतात ही तक्रार खरी आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा बंदी. हे नियम पाळले गेलेच पाहिजेत आणि ते पाळून घेणं पोलिसांचं काम आहे. पण तो नियम बेंजोला जितका लागू आहे तितकाच ढोलाला, सनईला आणि भजनाच्या लाउडस्पीकरलाही आहे. बेंजोचा स्वतःचा आवाज विजेशिवाय शेजारच्या खोलीतही धड पोचत नाही. हातगाडीवरचा जनरेटर आणि त्याला जोडलेले स्पीकर हा गुन्हेगार आहे. त्याच स्पीकरला उद्या बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई जोडली तर तीही छातीत धडधड आणील. तेव्हा सनई हे वाद्य नाही, असा निष्कर्ष कुणी काढणार आहे का?

आता खोक्यात काय आहे ते पाहू, कारण नावं ठेवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते जवळून पाहिलेलं असतं. अमेरिकेतला, कातडं मढवलेला गोल बॅन्जो तो हा नव्हे. आपल्याकडे जत्रेत आणि वाद्यांच्या दुकानात जे बुलबुलतरंग म्हणून मिळतं त्याचीच ही मोठी, वीज जोडलेली आवृत्ती. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर लांबीच्या दिशेने ताणलेल्या पोलादी तारा. काही तारा एकाच सुरात मिळवलेल्या असतात, चाल त्यांच्यावर वाजते. बाजूच्या तारा आधारसूर धरून राहतात. चालीच्या तारांखाली धातूचे पडदे आणि वरती आडव्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीला टाइपरायटरसारखं बटण आणि परत उचलणारी स्प्रिंग. डाव्या हाताने बटण दाबलं की पट्टी तारेला पडद्यावर टेकवते, तारेचा वाजणारा भाग आखूड होतो आणि सूर चढतो. उजव्या हातातली नखी तारा छेडत असते. समजा वाजणारी तार 60 सेंटिमीटरची आहे. तर अर्धा सूर चढवायला तिच्यातले साधारण 3.4 सेंटिमीटर कमी करावे लागतात, त्यापुढच्या अर्ध्या सुराला त्याहून थोडे कमी, आणि असंच पुढे. सतारीवर हेच गणित बोट करतं, इथे पट्टी करते.

म्हणजे सूर बटणात नसतो, तारेत असतो, आणि तार मिळवायचं काम वादकाच्या कानालाच करावं लागतं. हे कॅसिओ नव्हे, की बटण चालू केलं आणि कारखान्यात भरलेला सूर बाहेर आला. एकसुरी मिळवलेल्या दोन तारांत केसभर फरक राहिला तरी आवाजात लाटा उठतात आणि विजेने मोठा केल्यावर त्या लाटा गल्लीभर ऐकू जातात. श्रावण-भाद्रपदातल्या दमट हवेत, तापलेल्या दिव्यांखाली, हलत्या गाडीवर पोलादी तार जागची हलते. ती पुन्हा मिळवायला मिरवणूक थांबत नाही. शिवाय बटण किती जोराने दाबायचं यालाही मोजमाप आहे. तार पडद्याला टेकल्यावरही जोर वाढवला तर तिचा ताण वाढतो आणि सूर किंचित वर सरकतो. नवख्याच्या हातून इथेच बेसूर होतं. जाणता वादक तोच दोष कामाला लावतो आणि दाबलेल्या बोटाला हलकी थरथर देऊन सुराला आंदोलन देतो. 'आपोआप' येणाऱ्या सुराची ही हकीकत आहे.

पण मूळ आक्षेप तंत्राचा कमी आणि तत्त्वाचा जास्त आहे. तारेचा सूर बदलायला माणसाने मध्ये यंत्र घातलं की कला खालावते, असं ते तत्त्व. जगातल्या तंतुवाद्यांचा इतिहास या तत्त्वाच्या बरोबर उलट सांगतो. सगळ्यांत स्पष्ट सांगतो तो हार्पचा.

हार्प म्हणजे एका तारेला एक सूर. शुद्ध गंधाराची तार कोमल गंधार देणार नाही. मध्येच कोमल हवा झाला तर? सतराव्या शतकाच्या अखेरीस आल्प्समधल्या टिरोल भागातल्या कारागिरांनी तारांच्या वरच्या टोकाला, खुंटीजवळ, छोटे आकडे बसवले. आकडा हाताने फिरवला की तो तारेला चेपतो, तार थोडी आखूड होते, सूर अर्ध्याने चढतो. बेंजोचं बटण करतं तेच. अडचण एवढीच, की आकडा फिरवायला वाजवता हात तारेवरून उचलावा लागे. म्हणून 1720 च्या सुमारास बव्हेरियातल्या डोनाउवर्थ गावच्या याकोब होखब्रुकरने ते काम पायांकडे दिलं. पॅडल दाबलं की खांबातून वर गेलेल्या सळया आकडे हलवणार. फ्रान्समध्ये हे वाद्य थेट राजवाड्यात शिरलं. मारी आंत्वानेत राणी स्वतः हार्प वाजवायची. पुढे सेबास्तियाँ एरारने 1810 साली लंडनमध्ये दुहेरी पॅडलचं पेटंट घेतलं, ज्यात प्रत्येक पॅडलला तीन जागा आणि प्रत्येक तारेला कोमल, शुद्ध, तीव्र असे तीन सूर. आजच्या मोठ्या हार्पवर 47 तारा आणि सात पॅडल असतात आणि आत शेकड्यांनी हलते भाग. त्यापुढे आपला बेंजो म्हणजे अगदी साधंभोळं यंत्र.

पायाची सोय झाली म्हणून हाताचा खटका संपला असं मात्र झालं नाही. लंडनच्या एडवर्ड लाइटने 1816 साली अंगठ्याने दाबायच्या चाव्यांच्या हार्प-ल्यूटचं पेटंट घेतलं. डब्लिनच्या जॉन ईगनने 1819 च्या आसपास मांडीवर घेण्याएवढा आयरिश हार्प केला आणि त्याच्याही चाव्या हातानेच चालवायच्या ठेवल्या. आयर्लंड-स्कॉटलंडच्या लोकसंगीतात आजही प्रत्येक तारेला हाताचा खटका असलेला हार्पच चालतो. गाणं चालू असताना डावा हात क्षणभर वर जातो, खटका पाडतो आणि पुढच्या मात्रेला तारेवर परत येतो. ऐकणारे या हालचालीला कसब म्हणतात. आमच्या सेक्टरातल्या शौकिनांनी ती पाहिली तर तेही कसबच म्हणतील, याची मला खात्री आहे.

पॅरिसमध्ये तर यंत्र हवं की नको यावरून दोन कंपन्यांची खडाजंगी झाली होती. प्लेयेल कंपनीच्या गुस्ताव्ह लिआँने पॅडलच काढून टाकून, एकमेकींना छेदणाऱ्या तारांच्या दोन रांगांचा हार्प आणला. सगळे बारा सूर तारेतच, यंत्राची भानगड नाही. त्याची जाहिरात व्हावी म्हणून कंपनीने 1904 साली क्लोद दब्युसीकडून दोन नृत्यरचना करून घेतल्या. लगेच 1905 साली एरार कंपनीने मोरिस रावेलकडून पॅडल-हार्पसाठी दुसरी रचना करून घेतली. दोन्ही रचना टिकल्या आणि आज दोन्ही वाजतात त्या पॅडल-हार्पवर. यंत्राशिवायचा तो शुद्ध हार्प संग्रहालयांच्या वाटेला लागला. 'यंत्र मध्ये आलं की संगीत गेलं' असं म्हणणाऱ्याने या दोन रचना एकदा शेजारीशेजारी ऐकाव्यात.

कुणी म्हणेल, हार्पचा खटका एकदा पाडला की तसाच राहतो, तार बोटांनीच छेडली जाते. बेंजोत तर प्रत्येक सुराला बटण दाबतात, हा फरक नाही का? आहे. म्हणून स्वीडनला जाऊ. तिथे निकेलहार्पा नावाचं वाद्य आहे. गजाने वाजवायचं, पण तारेवर बोट कधीच पडत नाही. खालून लाकडी चाव्या दाबायच्या आणि चावीवरचं खुंट तारेला टेकून सूर ठरवतं. बेंजोचा इतका जवळचा नातेवाईक दुसरा नाही. गॉटलंड बेटावरच्या एका चर्चच्या दारावर 1350 च्या सुमाराचं शिल्प आहे, त्यात असंच वाद्य घेतलेले वादक कोरलेले आहेत. पुढची कित्येक शतकं उप्लँड भागातल्या खेड्यांत ते लग्नाकार्यात आणि नाचगाण्यात वाजत राहिलं. म्हणजे सामाजिक जागा जवळपास बेंजोचीच. विसाव्या शतकात एरिक साल्स्ट्रोमसारख्या वादकांनी आणि घडवणाऱ्यांनी त्याला मैफलीत आणलं. 1998 साली टोबो गावात साल्स्ट्रोमच्या नावाची शिक्षणसंस्था निघाली. 1996 साली स्वीडनने काढलेल्या 50 क्रोनरच्या नोटेवर मागच्या बाजूला हेच चाव्यांचं वाद्य छापलं होतं. खेड्यातल्या लग्नातलं वाद्य नोटेवर. आपल्याकडे लग्नातलं वाद्य हातगाडीवरच राहतं.

युरोपचे दाखले नको असतील तर घरचे घ्या. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर वीणा घेऊन बसलेला आहे. ती वीणा हार्पच्याच जातीची, एका तारेला एक सूर देणारी. ती जात आपल्याकडून मागे पडली. उरलं ते स्वरमंडळ, आणि तेही गाण्याआधीच रागापुरतं जुळवून घ्यायचं. आपण पुढे गेलो ते पडद्यांच्या वाद्यांबरोबर. सतारीचे पडदे हा सूर बदलायचा हातचा खटकाच आहे, फक्त दोऱ्याने बांधलेला. चल ठाटाच्या सतारीवर यमन संपवून तोडी वाजवायची तर वादक पडदे सरकवतो आणि तेव्हा कुणी त्याला लबाड म्हणत नाही. तंबोऱ्याच्या घोडीपलीकडे तारेत ओवलेला मणी असतो. खुंटीने येणार नाही इतका बारीक फरक तो सरकवून काढतात. ही सगळी यंत्रंच आहेत, लहान आहेत एवढंच. आणि ती घडवणारे मिरजेचे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लोखंडाशी झटणाऱ्या हातांतून सूर निघतो याचा तिथे अभिमान वाटतो. कळंबोलीत, जिथे आशियातल्या मोठ्या पोलाद बाजारांपैकी एक भरतो, तिथे पोलादी तारेचा तिटकारा यावा ही गंमतच.

बटणाच्या वाद्यावर असा बहिष्कार मराठी माणसाने एकदा पाहिलेला आहे. हार्मोनियमवर आकाशवाणीने 1 मार्च 1940 पासून बंदी घातली. कारणं हीच: पट्टी दाबली की ठोकळेबाज सूर येतो, मींड नाही, श्रुती नाहीत, आणि वाद्य परदेशी. रवींद्रनाथ ठाकूर आणि पंडित नेहरूंसारखी मंडळी हार्मोनियमच्या विरोधात होती, म्हणजे विरोधक काही लहान माणसं नव्हती. साथीपुरती मोकळीक मिळायला 1971 उजाडलं. त्या एकतीस वर्षांत काय झालं? गोविंदराव टेंब्यांची पेटी ज्यांनी ऐकली होती त्यांनी ती विसरायला नकार दिला, पी. मधुकर वाजवत राहिले, आप्पा जळगावकर आणि तुळशीदास बोरकर घडले, आणि पु. ल. देशपांड्यांनी पेटी घरोघरी प्रेमाची केली. आज पेटीशिवाय ख्यालाची मैफल क्वचितच बसते. मींड पेटीवर आजही निघत नाही. वादकांनी निघणाऱ्या गोष्टींत कमाल करून दाखवली आणि कानांनी ती मान्य केली. त्याहीआधी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींची मापं मांडली आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची हार्मोनियम करून पाहण्याचा उद्योग झाला. तो उद्योग चालला नाही, तरी त्यामागची वृत्ती मला आवडते. वाद्यात काही कमी आहे असं वाटलं तर वाद्याचं झाकण उघडायचं.

मींडीचं मान्य करून टाकतो. बेंजोवर सतारीसारखी पाच सुरांची मींड ओढता येत नाही. पडदे पक्के आहेत, त्यामुळे अतिकोमल गंधारही नाही. दरबारी कानड्याचा आलाप हे या वाद्याचं काम नव्हे, आणि ते करायला बसलेला बेंजोवादक मी तरी पाहिला नाही. पण एकदा तार छेडून, तिचा नाद विझायच्या आत दोन-तीन बटणं पालटली तर सूर एकमेकांत मिसळून येतात, त्यातून कण आणि मुरकी निघते. नखीचा वेग आणि बटणांची चपळाई जुळली की लयीचे जे तुकडे पडतात ते याच वाद्याचे. कोळीगीताची चाल अशी आखूड, ठसकेबाज सुरांवर उभी असते. मींडीने तिचं वाटोळंच होईल. वाद्याला त्याच्या कामावरून जोखावं. मृदंगावर गाणं म्हणता येत नाही म्हणून त्याला कुणी नापास करत नाही.

बाहेरून आल्याचं म्हणाल तर हो, आलेलं आहे. 1912 साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या वादकाने हे वाद्य केलं. टाइपरायटरची बटणं आणि जपानी कोतोच्या तारा यांचा मेळ. त्याच वर्षी ताइशो राजवट सुरू झाली म्हणून नाव ताइशोगोतो. तिथून ते व्यापाराच्या वाटेने, बरंचसं खेळणं म्हणून, आपल्या बंदरांवर उतरलं. कराची आणि मकरानच्या बलुच वादकांनी त्याचा आकार वाढवला, तारा वाढवल्या आणि त्याला बेंजू हे नाव आणि भारदस्त वादनपरंपरा दिली. कव्वालांनी ते पेटीच्या जोडीला बसवलं. मुंबईच्या चाळींनी त्याला पिकअप आणि ॲम्प्लिफायर जोडला आणि गणपती, हळद, आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत उतरवलं. जपानी माणसाला आपलं वाद्य ओळखू येणार नाही इतकं ते इथलं झालं आहे. आणि परदेशीपणाचा मुद्दा नाट्यसंगीताच्या शौकिनाने काढावा? बालगंधर्वांच्या गाण्यामागे वाजणारा पायपेटीचा ऑर्गन काय तेर-पैठणच्या उत्खननात सापडला होता? व्हायोलिन कुठलं? क्लॅरिनेट कुठलं?

राहिला लग्नगाण्यांचा, म्हणजे धवल्यांचा आरोप. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते. ती परंपरा आटत चालली आहे आणि त्याचं दुःख मलाही आहे. पण धवले गायले जातात ते मांडवात, विधींच्या बरोबरीने, बाईच्या गळ्यातून, वाद्याशिवाय. बेंजो वाजतो रस्त्यावर, वरातीत किंवा हळदीच्या रात्री नाचाला. दोघांची जागा वेगळी, वेळ वेगळी. वरातीत बेंजोने कुणाला हटवलं असेल तर ते खालूबाजाला आणि बँडला, आणि बेंजोला आता हटवतोय तो डीजे. धवले आटले कारण सुना-मुलींनी ते शिकायचं बंद केलं, लग्नं हॉलमध्ये गेली आणि विधी दोन तासांत उरकायचे झाले. हे सगळं ज्या काळात झालं त्याच काळात इथली भातखाचरं गेली. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्यात आली. कळंबोली, रोडपाली, खिडुकपाडा, आसुडगाव, सगळी त्यातलीच. भातलावणीची गाणी भातलावणीबरोबर गेली. त्या खाचरांवर बांधलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून 'बेंजोने आगरी संस्कृती संपवली' असं म्हणणं, याला धाडस लागतं.

इथे खरं कारण उघडं पडतं. बेंजोला कमी लेखण्यामागे मींड नाही, श्रुती नाहीत आणि जपानही नाही. तो कोण वाजवतं, हे आहे. दिवसा तळोज्याच्या कारखान्यात किंवा लोखंडाच्या गोदामात राबणारा, टेम्पो चालवणारा, कोळीवाड्यात किंवा बुद्धविहाराशेजारी वाढलेला पोरगा संध्याकाळी ते वाजवतो. त्याने ते कुठल्या वर्गात शिकलेलं नसतं. थोरल्या भावाच्या किंवा बेंजो पार्टीच्या मास्तरांच्या शेजारी उभं राहून उचललेलं असतं. त्याच्याकडे प्रमाणपत्र नसतं, गंडा नसतो. मारी आंत्वानेतच्या मांडीशी असलेल्या यंत्राला कारागिरी म्हणायचं आणि या पोराच्या पोटाशी असलेल्या यंत्राला खोकं म्हणायचं, हा फरक कानाने केलेला नाही.

रवी जाधवांनी 2016 साली 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला, रितेश देशमुखच्या गळ्यात हेच वाद्य अडकवून. चित्रपट फार चालला नाही, आणि मला त्यातली अमेरिकन पाहुणीने येऊन वाद्याला मोल देण्याची कल्पना रुचलीही नाही. आपल्या गल्लीतल्या कलेची किंमत न्यूयॉर्कहून कुणीतरी सांगायला यावी लागते, हे आपल्यालाच कमीपणा आणणारं आहे. तरी पडद्यावर हे वाद्य नायकाच्या हातात दिसलं, एवढं श्रेय त्याला दिलं पाहिजे.

बेंजोवाल्यांची बाजू घेतली म्हणजे त्यांचं सगळं गोड मानायचं असं नाही. त्यांच्याशीही माझं भांडण आहे. कित्येक पार्ट्यांत तारा नीट मिळवलेल्या नसतात आणि तो बेसूर इकोच्या धुरात लपवला जातो. बारा महिने तीच दहा चित्रपटगीतं. स्वतःची चाल बांधायचा कंटाळा. आवाज वाढवला की वादन चांगलं झालं अशी समजूत. ऑक्टोपॅडचा गोंगाट इतका, की बेंजोची कलाकुसर, जी खरोखर ऐकण्यासारखी असते, वादकाच्या स्वतःच्या कानालाही पोचत नसेल. त्यात आता निम्म्या पार्ट्यांनी तारा बाजूला ठेवून कीबोर्ड आणला आहे. बेंजोवाल्या पोरांनो, बटणाचं वाद्य म्हणून हिणवणाऱ्यांना उत्तर देण्याचा हक्क तुमच्याकडे तार आहे तोवरच आहे. कीबोर्ड घेतलात तर मात्र त्यांचं म्हणणं खरं ठरेल. तिथे सूर खरंच आपोआप येतो.

आणि शौकिनांना एक विचारतो. तुम्ही बेंजो ऐकलाय कधी? भोंग्यातून, बंद काचेआडून, कपाळाला आठ्या घालून ऐकलेला नव्हे. समोर बसून, एका छोट्या स्पीकरवर, जोडीला फक्त ढोलकी घेऊन वाजवलेला? बहुतेकांनी नाही. कारण तशी बैठक कुणी लावतच नाही. मंडळं पार्टी ठरवतात ती मिरवणुकीपुरती. फलकावर नगरसेवकाचं छायाचित्र मोठं, पार्टीचं नाव बारीक आणि बेंजो वाजवणाऱ्याचं नाव नाहीच. पनवेल महापालिका 2016 साली झाली, तिचे सांस्कृतिक कार्यक्रम होतात, नाट्यगृह आहे, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. यांपैकी कुणाच्याही कार्यक्रमात बेंजोची बैठक बसली तर खर्च फारसा येणार नाही. दोन खुर्च्या, एक सतरंजी आणि मध्यम आवाजाचा एक स्पीकर.

म्हणून कळंबोलीतल्या मंडळांना माझी विनंती आहे. यंदा दहा दिवसांतली एक संध्याकाळ मांडवात बेंजोला द्या. जनरेटर नको, भोंगे नकोत, कीबोर्ड नको. रोडपाली, खिडुकपाडा, आसुडगाव इथल्या पार्ट्यांमधले दोन चांगले वादक बोलवा, त्यांची नावं फलकावर ठळक लिहा, त्यांना मिरवणुकीइतकंच मानधन द्या, आणि सेक्टरातल्या ज्या ज्या खिडक्या आगमनाला बंद होतात त्या घरांना निमंत्रण पाठवा. रात्री दहाच्या आत कार्यक्रम संपवा. त्यानंतरही ज्याला ते खोकं वाटेल त्याने खुशाल खोकं म्हणावं.